कपातीची यादी खरं म्हणजे कधी बनते?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. रांजणगावला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही लाइन लीडर आहात. गेल्या महिन्यात 38 जणांना कमी केलं, त्यात 27 बायका. कारखान्यात एकूण बायका तर तिसरा हिस्सासुद्धा नाहीत. एचआर म्हणतं, "आम्ही नावं बघितली नाहीत, विभाग बघितला." आता तुम्ही विचारताय की याला भेदभाव म्हणायचं की योगायोग, आणि पुढच्या फेरीत आपलं नाव येऊ नये म्हणून काय करायचं.

मी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात 24 वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली. अशा याद्या मी स्वतः केल्या आहेत. तेव्हा हे उत्तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

तुमचे एचआरवाले खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. त्यांनी विभागच बघितला असणार. पण त्या विभागात बायकाच का होत्या, हे कोणी विचारलं नाही, आणि त्याचं उत्तर शोधायचं तर दहा-बारा वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक खुलासा. तुम्ही सगळीकडे 'ले-ऑफ' शब्द वापरलाय. वर्तमानपत्रं आणि आयटीवाले तसंच म्हणतात, पण आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं. कायमचं काढणं म्हणजे कपात. शिवाय ते 38 जण पर्मनंट होते, मुदतीच्या करारावर होते की ठेकेदाराचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. मुदतीचा करार संपला की कायद्याच्या नजरेत ती कपातच नसते, आणि ठेकेदाराची माणसं गेली तर कंपनीच्या कागदावर कोणीच गेलेलं नसतं. माझा अनुभव असा की यादी तपासताना पहिली खोच इथेच सापडते: कोणाला कुठल्या मस्टरवर (हजेरीपटावर) घेतलं होतं.

आता माझीच गोष्ट सांगतो. 2008 च्या शेवटी मंदी आली तेव्हा मी प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात होतो. निर्यातीच्या ऑर्डरी आटल्या. व्यवस्थापनाने ठरवलं की तपासणी-पॅकिंगच्या दोन लाइन बंद करायच्या, मोल्डिंग शॉपला हात लावायचा नाही, कारण मशीनवरचा माणूस परत मिळत नाही. मी ज्येष्ठता यादी काढली, विभागवार लावली, वशिल्याचं एकही नाव वाचवलं नाही. प्लँट हेडने पाठवलेला एक मुलगाही त्यात गेला, आणि त्याचा मला जरा अभिमानच वाटत होता. 41 नावं झाली. त्यात 34 बायका. मला तेव्हा हा आकडा दिसलाही नाही, कारण माझ्या तक्त्यात स्त्री-पुरुष असा रकानाच नव्हता.

यादी फलकावर लावली त्या दुपारी एक बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. अकरा वर्षं नोकरी. हातात कटर धरून पार्टची फ्लॅश, म्हणजे कडेला आलेलं जादा प्लास्टिक, काढायची, रनर, म्हणजे पार्टला चिकटून आलेली काडी, तोडायचा, उजेडाखाली पार्ट फिरवून बघायचा, हे काम. उजव्या अंगठ्याला कटरचे कायमचे वण. त्या म्हणाल्या, "साहेब, अकरा वर्षांत मला मशीनपुढं एकदा तरी उभं केलं का? मग मशीन येत नाही म्हणून घरी कशा बसवता?"

मी त्यांना कायदा समजावला. शेवटी आला तो आधी जाणार, असं तत्त्व आहे, पण ते त्या-त्या कामाच्या वर्गापुरतं. मोल्डिंगमधला दोन वर्षांचा पोरगा ऑपरेटर या वर्गात, तुम्ही पॅकर-तपासनीस या वर्गात. तुमचा वर्गच संपला. मावशींनी ऐकून घेतलं आणि गेल्या. कायद्याने माझं बरोबर होतं. त्यांच्या प्रश्नाला मात्र ते उत्तर नव्हतं, हे मला त्या दरवाजातून बाहेर पडेपर्यंत कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शॉपमध्ये जाऊन खांबावरचा स्किल मॅट्रिक्स नीट वाचला. तुमच्याकडेही असेल: डावीकडे नावं, वर कामं, आणि प्रत्येक घरात चार पाकळ्यांचं वर्तुळ. एक पाकळी भरली म्हणजे काम बघितलंय, दोन म्हणजे कोणाच्या देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो, चारही भरल्या म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटला दाखवायचा तक्ता म्हणून आम्ही तो जपायचो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात चित्र दिसलं. बायकांच्या ओळीत एक वर्तुळ काळंभोर भरलेलं आणि पुढे सगळी रिकामी. पुरुषांच्या ओळीत पूर्ण भरलेलं क्वचितच, पण पाच-सहा वर्तुळं अर्धी-अर्धी. म्हणजे मावशी त्यांच्या कामात शिकवण्याइतक्या तरबेज, आणि दोन वर्षांचा पोरगा पाच कामांत अर्धाकच्चा. अप्रेझलला आम्ही मावशींना 'एका कामात पक्की' असा शेरा द्यायचो. कपातीच्या वेळी तोच शेरा त्यांच्या अंगावर आला.

पुरुषांच्या पाकळ्या भरल्या कुठे? थर्ड शिफ्टला. रात्री माणसं कमी, साहेब नाहीत, मोल्ड, म्हणजे साचा, बदलायचा असतो, सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, हाताखाली कोणीतरी हवं असतं. "ये रे, धर हे," म्हणून हेल्परला बोलावलं जातं. सहा महिन्यांत तो पाण्याच्या नळ्या जोडतो, वर्षभरात मोल्ड बसवतो, दीड वर्षात तापमान-प्रेशरला हात लावायला लागतो. कोणी त्याला ट्रेनिंग दिलं अशी नोंद कुठेच नसते. थर्ड शिफ्ट ही कारखान्याची रात्रशाळा आहे, आणि आमच्या बायका पावणेपाचच्या बसने घरी गेलेल्या असायच्या. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यानेच, 1948 पासून, संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बायकांना कामावर ठेवायला मनाई होती. आता संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर मुभा आहे, पण बस आणि घरची परवानगी या दोन गोष्टी राजपत्रात छापून येत नाहीत.

यात खलनायक कोणी नव्हता. सुपरवायझर मनापासून म्हणायचा, "बायकांना जड काम नको." आता मोल्ड शेकडो किलोचा असतो हे खरं, पण तो कोणीच पुरुष उचलत नाही, क्रेन उचलते, माणूस बटण दाबतो. भरतीचा माणूस म्हणायचा, "बायकांची नजर बारीक, तपासणीला त्याच बऱ्या." कौतुक करत करतच आम्ही त्यांना अशा जागी नेऊन बसवलं होतं, की जिथे पुढे एक कॅमेरा येऊन तेच काम करणार होता.

हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकात साधारण पाचातली एक कामगार बाई होती, आणि बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या दोन खात्यांत. मागावर पुरुष. 1930 च्या दशकात गिरणीमालकांनी कामाची फेररचना सुरू केली, जलद वाइंडिंगची यंत्रं आली, आणि मार बसला तो नेमका या खात्यांवर. रात्रपाळीचं काम वाढलं तिथे बायका चालत नव्हत्या. 1982 च्या संपापर्यंत गिरण्यांत बायका नावापुरत्या उरल्या होत्या. संपाच्या गोष्टीत आपण पुरुष कामगारच बघतो याचं एक कारण हे, की बायकांची कपात त्याच्या कितीतरी आधी, गाजावाजा न होता उरकली होती.

यावर अभ्यासही झालाय. अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या, 1971 ते 2002 या काळात कपात केलेल्या 327 आस्थापना तपासल्या आणि 2014 साली निष्कर्ष छापले. व्यवस्थापकांची यादी पदावरून किंवा सेवाकाळावरून, म्हणजे आपण ज्याला निःपक्षपाती नियम म्हणतो त्यावरून केली, तिथे व्यवस्थापनातल्या स्त्रिया आणि वांशिक अल्पसंख्याक यांचं प्रमाण घसरलं. माणसागणिक कामाचं मूल्यमापन केलं तिथे तसं झालं नाही. आणि यादीवर कोणाला तरी जाब द्यावा लागत असेल तर निकाल आणखी सुधारला. त्यांच्याच 2009 च्या अभ्यासात दिसलं होतं की वेगवेगळ्या कामांची माणसं एका टीममध्ये आणली, एकमेकांची कामं शिकवली, की ही दरी कमी होते. मी हे वाचलं तेव्हा मावशी आठवल्या. फक्त एक सावधगिरी: आपल्याकडे 'माणसागणिक मूल्यमापन' म्हटलं की सुपरवायझरच्या मर्जीतली माणसं वाचतात आणि युनियनचं काम करणारा जातो, हेही मी पाहिलंय. म्हणून सेवाज्येष्ठता फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ती कुठल्या चौकटीत मोजता ते बघा, एवढंच म्हणेन.

पुरुषांचं काय? तुम्ही विचारलं नाहीत, पण खाली कोणी तरी विचारेलच. चौकट उलटी असेल तर पुरुष जातात. वेल्डिंग शॉपमध्ये रोबो आले तेव्हा गेलेले जवळजवळ सगळे पुरुष होते, कारण तिथे आम्ही बाई कधी घेतलीच नव्हती. 2019 च्या वाहनउद्योगातल्या मंदीत सगळ्यात आधी गेट बंद झालं ते ठेकेदाराच्या लोडिंग-अनलोडिंगच्या आणि प्रेस शॉपच्या पोरांना. बीड-उस्मानाबादकडची, चाकणला खोलीत सहा-सहा जण राहणारी मुलं. त्यांची गणती कुठल्याच यादीत नव्हती. आणि पन्नाशीच्या पर्मनंट पुरुषाला वेगळाच धोका: पगार सगळ्यात जास्त, म्हणून व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) कागद आधी त्याच्या टेबलावर. मी तर म्हणतो पुरुष एकदम, गाजून जातात. बायका चार-चार, पाच-पाच करून, राजीनामा म्हणून जातात. दुसरा प्रकार आकड्यांत सापडत नाही.

ऑफिसातही तेच, फक्त खांबाच्या जागी कॉम्प्युटर. माझी पुतणी हिंजवडीत आहे. तिथल्या आयटी कंपन्यांत ग्राहकाला बिल लागणारं काम आणि न लागणारं काम असे दोन ढीग असतात. भरती, प्रशिक्षण, डॉक्युमेंटेशन, समन्वय हे दुसऱ्या ढिगात, आणि बायका तिथे जास्त. 2022-23 मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांनी माणसं काढली तेव्हा भरती करणारे लोक पहिल्या रांगेत होते. शिवाय बाळंतपणाच्या रजेवर जाताना प्रोजेक्टमधून नाव काढलं की परत आल्यावर ती बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेल्यांत, येते. मग कोणीतरी शुद्ध मनाने नियम लावतं: बेंचवरचे आधी.

बाळंतपणाचा विषय निघालाच तर थोडं थांबतो, कारण इथे आमच्या क्षेत्रातला मोठा गैरसमज आहे. 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून लागू झाल्यावर "बाई घ्यायची म्हणजे सहा महिन्यांचा भुर्दंड" हे वाक्य मी कित्येक मीटिंगांत ऐकलं. अहो, पण ज्या बाईचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत आहे ती ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) आहे. तिचे ते पैसे ईएसआय देतं, कंपनी नाही. कंपनी आपला 3.25 टक्क्यांचा हप्ता पुरुष असो की बाई, सगळ्यांसाठी सारखाच भरते. शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक बायकांच्या बाबतीत तो भुर्दंड अस्तित्वातच नाही, आणि तरी त्या भीतीने बाईला पर्मनंट न करता ब्रेक देत देत ट्रेनी ठेवतात. जास्त पगाराच्या बायकांचा खर्च मात्र खरोखर मालकावरच पडतो. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतीच्या विधेयकाला पाठिंबा देताना नेमकी ही गोष्ट मांडली होती: आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा. 1929 च्या मुंबईच्या कायद्याने तो मालकावरच टाकला. खर्च सगळ्यांच्या हप्त्यातून गेला की तो एका बाईच्या नावावर चिकटत नाही. मालकाच्या खिशातून गेला की तिची फाइल उघडताना आकडा आधी दिसतो.

तर इथवरचं एका दमात: कोणाला कुठल्या कामावर ठेवलं, कुठल्या मस्टरवर घेतलं, कुठल्या पाळीत शिकायला मिळालं आणि रजेचा खर्च कोणाच्या खिशातून गेला. यादी या चार गोष्टींवर आधीच लिहिलेली असते. एचआर ती फक्त टाइप करतं.

आम्ही पुढे काय बदललं तेही सांगतो, कारण फुशारकी मारण्यासारखं फार नाही. दोन लाइनचा तपासणी विभाग वेगळा ठेवणं बंद केलं. तपासणी मशीनच्या शेजारीच आणली आणि मशीन चालवणारा व तपासणारा असा वेगळा हुद्दा न ठेवता एकच केला. म्हणजे कायद्याच्या भाषेत वर्गच मोठा झाला. मोल्ड बदलायचं काम आठवड्यातून दोनदा मुद्दाम जनरल शिफ्टमध्ये, म्हणजे दिवसा, घ्यायला लावलं. मेंटेनन्सवाल्यांनी दोन महिने आरडाओरडा केला, उत्पादन थोडं पडलंही. आणि काही बायकांनीच नकार दिला. त्यांचंही बरोबर होतं: सवयीच्या कामावर इन्सेंटिव्ह मिळतो, नव्या मशीनवर हात बसेपर्यंत महिन्याला सात-आठशे रुपये कमी पडतात. शिकण्याच्या काळात आधीच्या सरासरीने इन्सेंटिव्ह द्यायचा, असं मान्य करून घेतल्यावर माणसं हलली. ही एक ओळ मान्य करून घ्यायला मला चार महिने लागले.

2013 ला पुन्हा कामं कमी झाली तेव्हा माझ्या तक्त्यात स्त्री-पुरुष हा रकाना होता. सही करण्याआधी मी मस्टरमधलं प्रमाण आणि यादीतलं प्रमाण शेजारी ठेवलं, आणि बाहेरच्या एका वकिलाला प्रत्येक नावापुढचं कारण वाचून दाखवलं. मोठ्याने वाचताना तीन कारणं मलाच लंगडी वाटली आणि ती नावं मी काढली. त्यातला एक पुरुष होता.

आता तुमच्यापुरतं. तुम्ही लाइन लीडर आहात, म्हणजे खांबावरच्या पाकळ्या भरायचं पेन तुमच्या हातात आहे. स्वतःच्या ओळीपासून सुरुवात करा. ज्या कामाशिवाय लाइन उभी राहते ते शिका: सेटिंग, मोल्ड किंवा डाय बदलणं, पहिल्या पार्टची मंजुरी. नुसतं शिकून भागत नाही, तक्त्यावर तारीख आणि सही घ्या. न नोंदलेलं कौशल्य यादीच्या दिवशी नसल्यासारखंच असतं. हुद्द्याचं नाव पत्रावर काय आहे ते बघा. 'पॅकर' असेल आणि काम ऑपरेटरचं करत असाल, तर आत्ता, सगळं सुरळीत असताना, बदलून मागा. कपातीची कुजबुज सुरू झाल्यावर कोणी बदलत नाही.

आणि त्या 27 जणी. हे जरा घाईचं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यातही जुन्या 1947 च्या कायद्यासारखंच आहे: वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी वेतनाप्रमाणे भरपाई, आणि त्या वर्गात शेवटी आलेला आधी. त्याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून असलेला निधी) 15 दिवसांचं वेतन 45 दिवसांच्या आत खात्यात यायला हवं. आणि कपातीनंतर एका वर्षात कंपनीने पुन्हा भरती काढली तर आधी यांना विचारावं लागतं. तेव्हा कंपनी येत्या दिवाळीआधी नवी मुलं घेते का, इकडे डोळा ठेवा.

पण हे सगळं मिळतं ते कपात झालेल्याला. हिशेबाच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात एक राजीनाम्याचा छापील नमुना असतो, आणि "इथे इथे सह्या करा, चेक तयार आहे" म्हणत तो पुढे सरकवला जातो. त्यावर सही झाली असेल तर कागदोपत्री ती बाई स्वतःहून गेलेली आहे. त्या 27 जणींकडे कुठल्या कागदाची झेरॉक्स आहे ते याच आठवड्यात विचारून घ्या. राजीनाम्यावर सही झाली असेल तर उशीर न करता, दबावाखाली सही घेतली असं लेखी पत्र कंपनीला रजिस्टर पोस्टाने आणि त्याची एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात. पावती जपून ठेवायला सांगा.